मी येतो, काकू



गेल्या दोन वर्षांत मी इथे फार कमी लिहिलं. त्याला घरातलंच कारण होतं. आज ते लिहिते आहे, कारण आपल्या समाजात अशी घरं अजून असणार आणि तिथल्या आया-काकू कुणाशी बोलत नसणार. ज्याच्याविषयी लिहिते आहे त्याला हे सगळं वाचून दाखवलं आहे. नाव घालू नका, विद्यापीठाचंही नको, एवढंच तो म्हणाला.

माझ्या धाकट्या दिरांचं हे शेंडेफळ. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी मुलगी म्हणून जन्माला आलं, मुलगी म्हणून शाळेत गेलं, बारावीला चांगले गुण मिळवून पुण्याच्या एका विद्यापीठात शिकायला आलं. आम्ही मुळशी तालुक्यात, पिरंगुटजवळ राहतो. ह्यांची कारखान्यातली नोकरी संपली, पण पौड रस्त्याची सवय सुटली नाही, म्हणून इथेच राहिलो. आम्ही आलो तेव्हा इथून पुढे भाताची खाचरंच होती. आता लवळ्याच्या डोंगरावर विद्यापीठं, हिंजवडीला काचेच्या इमारती, आणि चांदणी चौक ओलांडायला लागणारा वेळ तर विचारूच नका. शनिवार-रविवार लेकरू आमच्याकडे यायचं, कारण वसतिगृहातल्या आमटीत लसूण आणि भाजीत बटाटा.

आपल्या भाषेची एक गंमत आहे. इंग्रजीत ‘आय कम’ म्हटलं की बोलणारी बाई की बुवा कळत नाही. मराठीत ‘मी येते’ म्हटलं की कळतंच. पण आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे मुलीही सर्रास ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. मी लग्न होऊन पुण्याच्या आत्यासासूबाईंकडे पहिल्यांदा गेले तेव्हा ‘मी आलो’ म्हटल्यावर त्या मला आपादमस्तक बघत राहिल्या होत्या. त्यामुळे हे लेकरू दारातून ‘मी येतो, काकू’ म्हणून जायचं तेव्हा मला ती गावाकडची बोली वाटायची आणि बरंही वाटायचं, की पुण्यात येऊन पोरीनं भाषा सोडली नाही. ते बोलीतलं ‘येतो’ नव्हतं. मनातलं होतं. पण आमच्या बोलीनं त्याला एकोणीस वर्षं आडोसा दिला, हे मात्र खरं.

२०२२ च्या पावसाळ्यात त्यानं मला सांगितलं. त्याआधी अंगावरच्या जखमा दिसल्या. छाती सपाट दिसावी म्हणून तो क्रेप बँडेज, तेच मुरगळलेल्या पायाला बांधतो ते, छातीभोवती करकचून गुंडाळत होता. सकाळी सातपासून रात्री झोपेपर्यंत, कधी कधी झोपेतही. काखेखाली कातडी सोलवटली होती आणि जिना चढताना दम लागत होता. मी हळद-तूप लावायला बसले आणि विचारलं. उत्तर आलं ते असं: “काकू, मी मुलगी नाही. मला नीट डॉक्टरकडे जायचंय. एकट्यानं जायची भीती वाटते.”

सगळ्यात आधी एक उपयोगाची गोष्ट सांगते. क्रेप बँडेज कधीच वापरू नये. श्वासाबरोबर ते आणखी आवळत जातं आणि बरगड्यांना इजा होते. यासाठी ‘बाइंडर’ नावाचं बनियनसारखं घट्ट कापड मिळतं. तेही मापाचंच घ्यायचं, आठ तासांच्या वर घालायचं नाही आणि झोपताना काढायचं. हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. पण डॉक्टरपर्यंत पोचायलाच आम्हाला सात महिने लागले.

पहिली पायरी विद्यापीठातलं आरोग्य केंद्र. ताप, जुलाब, खेळताना पाय मुरगळणं यासाठी ते उत्तम. तिथल्या समुपदेशक बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग वडिलांचा फोन नंबर मागितला. लेकराला एकोणीस पूर्ण होती. मतदान करता येतं, स्वतःच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनची संमती देता येते, पण या विषयात वडिलांना कळवल्याशिवाय पुढची चिठ्ठी मिळेना. तो उठून आला आणि पुन्हा गेला नाही. बाई वाईट नव्हत्या. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. विद्यार्थ्यांच्या बाबतीत हेच होतं: वय कायद्यानं सज्ञान, पैसे मात्र बापाचे, आणि प्रत्येक खिडकीवरचा माणूस पैसे कुणाचे ते आधी बघतो.

वसतिगृहाचा प्रश्न वेगळाच. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं २०१८ मध्ये वसतिगृहाचा एक भाग मुलगा-मुलगी असा भेद न ठेवता खुला केला, तसं सगळीकडे नाही. मुलींच्या वसतिगृहात त्याला अवघड वाटे आणि मुलांच्या वसतिगृहात पाठवायची माझी हिंमत नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लिंगओळखीवरून छळणं हेही घातलं आहे. नियम चांगला आहे, पण रात्री अकराला मोरीच्या दाराशी नियम उभा नसतो. शेवटी तिसऱ्या सत्रापासून तो आमच्याकडेच राहायला आला. रोजचे दोन तास बसमध्ये गेले. ह्यांनी माळ्यावरची खोली रिकामी करून दिली आणि कुठलाही प्रश्न विचारला नाही. आमच्या ह्यांचा हा स्वभाव मला चाळीस वर्षं त्रास देत आला, त्या दिवशी कामाला आला.

दरम्यान नात्यातल्या एका वजनदार माणसाला कुणकुण लागली. त्यांनी एका ‘नामांकित’ डॉक्टरांचं नाव सुचवलं. म्हणे गोळ्या देऊन आणि बोलून पोरगी ‘सरळ’ करतात. मी बी. कॉम. आहे, डॉक्टर नाही. पण बिल भरण्याआधी माल काय आहे ते बघायची सवय आहे. मी वाचायला बसले. मद्रास उच्च न्यायालयानं जून २०२१ मध्ये एस. सुषमा यांच्या प्रकरणात असे ‘बदलण्याचे’ उपचार बंद करायला सांगितलं होतं, आणि त्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं की असं करणं हा डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तनाचा गुन्हा धरावा. हे मी कागदावर लिहून त्या नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही आलं.

खरा डॉक्टर मिळाला तो लेकराच्याच एका मैत्रिणीच्या ओळखीनं. पुण्यातल्या मानसोपचारतज्ज्ञ. आपल्या बायकांना मानसोपचार म्हटलं की वाटतं पोराला वेडात काढलं. म्हणून हे नीट समजून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, ही गोष्ट मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. म्हणजे हा मनाचा आजार नाही, पण यासाठी वैद्यकीय मदत लागू शकते, म्हणून यादीत आहे. मानसोपचारतज्ज्ञ काय करतात? किती वर्षांपासून असं वाटतं, कसं वाटतं, सोबत नैराश्य वगैरे आहे का, उपचारांनी काय होईल आणि काय होणार नाही हे त्याला कळलंय का, हे तीन-चार भेटींत बघतात आणि मग पत्र देतात. ते पत्र घेऊन हार्मोनच्या डॉक्टरकडे, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जायचं. ते मधुमेह आणि थायरॉईड बघतात तेच.

तिसऱ्या भेटीत डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं. मुलानंच सांगितलं होतं, काकूंना बोलवा. त्यांनी त्याच्यासमोर विचारलं, “तुम्हाला काय विचारायचं आहे?” मी विचारलं, पुढे याला पश्चात्ताप झाला तर? त्यांनी थातुरमातुर उत्तर दिलं नाही. म्हणाल्या, काही गोष्टी परत फिरतात, काही नाही. पाळी थांबते, ती औषध बंद केलं तर बहुधा परत येते. आवाज फुटला की फुटला. दाढी आली की तिची मुळं राहतात. मूल होण्याबद्दल आत्ताच विचार करावा लागतो, हवं तर बीज साठवून ठेवता येतं. आणि काही थोड्या जणांना पश्चात्ताप होतो, म्हणूनच आपण घाई करत नाही. मला ते पटलं. सोनं घेताना घट किती ते सांगणाऱ्या सराफाकडेच मी जाते.

आता हार्मोनविषयी. हा शब्द ऐकला की आपण दचकतो, पण आपल्यातल्या किती जणी सकाळी अनशापोटी थायरॉईडची गोळी घेतात? ती हार्मोनच. पाळी जाताना अंगाची लाही होते म्हणून ज्या गोळ्या मिळतात त्याही हार्मोनच. इथे माझा जैन जीव जागा झाला आणि मी औषध कशापासून बनतं ते विचारत सुटले. एक गोष्ट कळली ती तुम्हा सगळ्यांच्या कामाची आहे. स्त्री-हार्मोनच्या गोळ्यांमध्ये ‘कॉन्जुगेटेड इस्ट्रोजेन’ नावाचा जो जुना प्रकार आहे तो गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढतात. ‘इस्ट्राडायॉल’ नावाचा प्रकार प्रयोगशाळेत वनस्पतींतल्या द्रव्यांपासून बनतो. तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारून वरचं नाव वाचून घ्या. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं आहे का हेही विचारा.

आमच्या मुलाला लागणारं औषध टेस्टोस्टेरॉन. या जातीची औषधं स्वस्त झाली ती १९४० च्या दशकात, रसेल मार्कर नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं मेक्सिकोतल्या रानटी कंदापासून हार्मोन बनवायची रीत शोधल्यावर. म्हणजे कंदमूळच निघालं! ह्यांना सांगितलं तर खो खो हसले. आता सोयाबीनसारख्या वनस्पतींतून मिळणारी द्रव्यंही वापरतात. इंजेक्शन तेलातलं असतं, कुठलं तिळाच्या, कुठलं एरंडेलाच्या, कुठलं शेंगदाण्याच्या. ज्यांना शेंगदाणा बाधतो त्यांनी आधी सांगावं लागतं. दोन-तीन आठवड्यांतून एकदा घ्यायचं, त्यामुळे उपवास असो की रात्रीच्या आहाराचा त्याग असो, काही आडवं येत नाही. अष्टमीला इंजेक्शन आलं तर तो सकाळी घेऊन येतो आणि उपवास करतो. डॉक्टरांनी फक्त पाणी भरपूर प्या म्हटलं आहे, कारण या औषधानं रक्त घट्ट होऊ शकतं. म्हणून दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी: हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट, चरबी, यकृत आणि हार्मोनची पातळी. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, नंतर सहा-सहा महिन्यांनी चालतं. आणि पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही असं नाही, हेही त्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं.

पहिलं इंजेक्शन मार्च २०२३ मध्ये. आवाज बदलायला लागला तो श्रावणात. भक्तामर म्हणताना मधेच चिरकायचा आणि स्वतःच हसायचा.

पैशांचं सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. मी वही ठेवली आहे. औषध महाग नाही, एका इंजेक्शनला काही शे रुपये. डॉक्टरांच्या फिया आणि रक्ततपासण्या मिळून पहिल्या वर्षी आमचे तीसेक हजार गेले. छातीच्या शस्त्रक्रियेचा खर्च मात्र लाखांत आहे. आणि इथे मी विम्याची पॉलिसी काढून वाचली. विद्यापीठ विद्यार्थ्यांकडून दरवर्षी विम्याचा हप्ता घेतं, मग तो कुठे उपयोगी पडतो ते बघू म्हटलं. बारीक अक्षरात ‘न मिळणारे खर्च’ अशी यादी असते. त्यात सातव्या क्रमांकाचा सांकेतिक अपवाद, ‘एक्स्क्लुजन ०७’, लिंगबदलाशी संबंधित कोणताही उपचार. तुमच्या घरच्या पॉलिसीतही हेच कलम असण्याची शक्यता मोठी, कारण हे साचे विमा नियामकांनीच २०१९ मध्ये ठरवून दिले. आणि त्याच २०१९ साली संसदेनं तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला. त्याच्या १५ व्या कलमात सरकारनं हार्मोन उपचार आणि शस्त्रक्रियेची सोय करावी आणि त्या खर्चाला विम्याचं संरक्षण द्यावं असं म्हटलं आहे. एका वर्षात एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढून घेतलं. ताळेबंद असा लिहिला असता तर आमच्या अकाउंटन्सीच्या सरांनी वही फेकली असती.

सरकारी योजना आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रानं ‘आयुष्मान भारत टीजी प्लस’ नावाखाली वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या संरक्षणाचा करार केला, त्यात या शस्त्रक्रियाही धरल्या. पण त्यासाठी राष्ट्रीय पोर्टलवरून मिळालेलं प्रमाणपत्र लागतं. ते पोर्टल नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालं. अर्ज घरबसल्या भरायचा, सोबत प्रतिज्ञापत्र. आम्ही अर्ज केला तेव्हाच्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकारी वैद्यकीय तपासणी न करता ओळखपत्र देत होते. पौडला नोटरीकडे आम्ही दोघं गेलो. नोटरींनी मजकूर वाचला, चष्म्यावरून बघितलं आणि शिक्का मारून म्हणाले, “आधारची झेरॉक्स दोन द्या.” एवढंच. मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

त्या प्रमाणपत्रावर तेव्हा आधी ‘ट्रान्सजेंडर’ असं यायचं. पुढे उपचार झाल्यावर, रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा दाखला जोडून, कलम ७ प्रमाणे ‘पुरुष’ असा सुधारित दाखला मागता येत असे. २०२० च्या नियमांत ‘वैद्यकीय उपचार’ या शब्दात समुपदेशन आणि हार्मोनही धरले होते, फक्त शस्त्रक्रिया नव्हे. हे वाचून घेतलं नसतं तर एका खिडकीवरच्या साहेबांनी आम्हाला ऑपरेशन करून या म्हणून परत पाठवलंच होतं. मी नियमाची प्रत पिशवीतून काढली. पिशवी कांद्याची नव्हती, एवढं समजून घ्या.

माझ्या दिरांना मात्र या ‘तृतीयपंथी’ शब्दाचाच घाव बसला. त्यांच्या डोळ्यांसमोर सिग्नलवर टाळ्या वाजवणारी माणसं आली. त्या माणसांना तिथे कुणी उभं केलं, घरानंच ना, हा प्रश्न मी त्यांना विचारला. ते उठून गोठ्याकडे गेले. जाऊबाई फोनवर रडायच्या. म्हणायच्या, “अक्का, माझी पोरगी मेली का हो?” मी म्हणायचे, तुमचं लेकरू माझ्या स्वयंपाकघरात तिसरं थालीपीठ खातंय.

धर्माचं काय, हे तुम्ही मनात विचारतच असाल. आमच्या स्वाध्यायात हा विषय मी नाव न घेता काढला. मोहनीय कर्माच्या अठ्ठावीस प्रकृती आपण पाठशाळेत घोकल्या आहेत. त्यातल्या नऊ नोकषायांत शेवटचे तीन कोणते? स्त्रीवेद, पुरुषवेद, नपुंसकवेद. आणि शरीराची ठेवण येते ती नामकर्मातून. म्हणजे शरीर एका कर्माचं, भाव दुसऱ्या कर्माचा. आमच्या स्वाध्यायाच्या ताईंनी गोम्मटसाराचं जीवकांड काढलं. श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती घडवणाऱ्या चामुंडरायांचे गुरू नेमिचंद्र आचार्य, त्यांचा हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ. त्यातल्या वेदमार्गणेत द्रव्यवेद आणि भाववेद असे दोन वेगळे मोजले आहेत. दोन्ही बहुतेकदा जुळतात, पण काही जीवांत जुळत नाहीत, हेही आचार्यांनी नोंदवून ठेवलं आहे.

मी याचा भलता अर्थ काढत नाही. शास्त्रातला वेद म्हणजे मुख्यतः भोगाची ओढ. ती तिन्ही प्रकारची बंधनच, आणि नवव्या गुणस्थानात ती सुटते तेव्हा जीव अवेदी होतो. इंजेक्शन घ्यावं की नाही हे गोम्मटसारात शोधू नये. पण शरीर आणि भाव न जुळणं हे परदेशातून आलेलं फॅड आहे, असं मला कुणी सांगितलं तर मी त्यांना मार्गणा वाचायला सांगते.

“धडधाकट शरीर कापणं ही हिंसा नाही का?” हा प्रश्न जाऊबाईंच्या बहिणीनं विचारला. मी त्यावर पुष्कळ दिवस विचार केला. आपल्या धर्मात संकल्पी हिंसा वेगळी मानली आहे. हेतू कुणाला दुखवायचा असतो का, प्रमाद आणि कषाय आहे का, ते बघायचं. हा पोरगा रोज स्वतःला बँडेजमध्ये आवळत होता, आरशाकडे पाठ करून अंघोळ करत होता आणि एकदा पावसाळ्यात मुळशी धरणाच्या कडेला एकटाच जाऊन बसला होता. त्या संध्याकाळी मला काय वाटलं ते मी इथे लिहिणार नाही. ते थांबवायला जे औषध लागतं त्याला मी हिंसा म्हणत नाही. कुणाचं मत वेगळं असू शकेल. आणि हो, कुणाचं लेकरू असं गप्प गप्प असेल तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक फ्रिजवर लावून ठेवा. फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

दिरांचं मन थोडं हललं ते माझ्यामुळे नाही, वर्तमानपत्रामुळे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या पोलीस शिपाई ललिता साळवे यांचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. २०१७ साली त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. महिला म्हणून भरती झालेली व्यक्ती पुरुष झाली तर नोकरीचं काय, म्हणून खात्यानं नाही म्हटलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी सरकारनं परवानगी दिली, मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ललित साळवे पुन्हा खाकी घालून कामावर रुजू झाले. पुढे त्यांनी लग्न केलं, २०२४ च्या जानेवारीत मुलगा झाल्याची बातमीही आली. त्यांची गोष्ट आमच्या मुलासारखी तंतोतंत नाही. त्यांच्या शरीराची घडणच जन्मतः वेगळी होती आणि तपासणीत पुरुषाची गुणसूत्रं सापडली होती. पण दिरांना त्या फरकात रस नव्हता. मराठवाड्यातल्या एका साध्या घरातला माणूस, सरकारी नोकरी, गावात मान, हे त्यांना दिसलं. ते कात्रण त्यांनी पंचांगात ठेवलंय असं जाऊबाईंनी मला चोरून सांगितलं.

आता एक गाठ मात्र सुटलेली नाही. आमच्या गावच्या मंदिरात गाभाऱ्यात अभिषेकाला पुरुषच जातात, धोतर नेसून. दिरांच्या घराण्याकडे अनंत चतुर्दशीचा पहिला कलश आहे. लेकराची इच्छा आहे की एकदा तरी तो कलश आपण घ्यावा. त्यानं मागितलं असं ते एकच, बाकी सगळं त्यानं स्वतःच्या शिकवण्यांच्या पैशातून आणि आमच्या वहीतून निभावलं. दिर म्हणतात, मी घरात त्याला मुलगा म्हणेन, मंदिरात कसं म्हणू, पंच विचारतील. उपाध्यांना विचारलं तर ते म्हणाले, वरच्या महाराजांना विचारतो. गेल्या भाद्रपदात आम्ही सगळे गावी गेलो. तो पांढरा झब्बा घालून आला, गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि पूर्ण पूजा त्या नव्या आवाजात म्हणाला. ओळखणाऱ्यांनी माना वळवल्या, न ओळखणाऱ्या एका आजींनी मला विचारलं, कुणाचा गं मुलगा, छान म्हणतो. जाऊबाई माझ्या शेजारीच होत्या. त्यांनी उत्तर दिलं, “माझा.” महाराजांचं उत्तर अजून आलेलं नाही.

सध्या घाई वेगळ्याच गोष्टीची आहे. शेवटचं सत्र चालू आहे आणि पदवीच्या प्रमाणपत्राचा अर्ज महिनाअखेरीपर्यंत भरायचा आहे. पदवीवर जुनं नाव छापून आलं तर पुढे प्रत्येक नोकरीच्या ठिकाणी खुलासा करत बसावं लागेल. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर जुनं नाव, आधारवर नवं, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात अजून छापून यायची आहे. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातल्या बाईंनी राजपत्राची प्रत, प्रमाणपत्र आणि दोन फोटो घेऊन सोमवारी या म्हणून सांगितलं आहे. फोटो काढायला तो आज पिरंगुटच्या चौकात गेला आहे. ह्यांचा निळा शर्ट घालून गेलाय, खांद्यात थोडा सैल होतो, पण दुसरा इस्त्रीचा नव्हता.